ओढ्याकाठचा निळा माशीमार आणि कृषी विस्तार

एकात्मिक कीड व्यवस्थापनाच्या प्रशिक्षणांतून 'कीटकभक्षी पक्षी' हा शब्दप्रयोग आता चांगलाच रुळला आहे. तूर किंवा हरभऱ्याच्या शेतात पक्षीथांबे उभारावेत, त्यांवर पक्षी बसतील आणि घाटे अळी टिपतील, हे शेतकऱ्याला पटते. कारण ते त्याला डोळ्यांनी दिसते. कोतवाल, साळुंकी, वेडा राघू हे त्याच्या ओळखीचे पक्षी आहेत. परंतु या एका शब्दप्रयोगाखाली आपण कितीतरी भिन्न जाती एकत्र बांधल्या आहेत, आणि त्यांपैकी प्रत्येकीला जगण्यासाठी काय लागते हा प्रश्न मागे पडला आहे. कोतवालाला उघडे शेत आणि उंच बैठक पुरते. सावलीत, झाडोऱ्यात, पाण्याच्या आसऱ्याने राहणाऱ्या रानातील माशीमाराला मात्र पक्षीथांब्याचा काहीही उपयोग नाही. त्याला जे हवे असते, ते आपण अनेकदा 'साफसफाई' या नावाखाली काढून टाकत असतो.

प्रस्तुत लेखात अशाच एका पक्ष्याचा विचार केला आहे. तो म्हणजे टिकेलचा निळा माशीमार. विस्तार कार्यकर्त्यांनी व प्रगतिशील शेतकऱ्यांनी हा पक्षी जातीनिशी ओळखावयास शिकले पाहिजे, असे माझे मत आहे. तो कीड नियंत्रणाची हमी देतो म्हणून नव्हे, तर तो जेथे टिकून राहतो ती ओढ्याकाठची सावलीची पट्टी आपल्या शेती नियोजनात कोणत्याच रकान्यात नोंदली जात नाही, म्हणून.

ओळख कशी पटवावी

या पक्ष्याचे शास्त्रीय वर्णन एडवर्ड ब्लाइथ यांनी १८४३ मध्ये केले. ते त्या वेळी कलकत्त्यातील एशियाटिक सोसायटीच्या संग्रहालयाचे अभिरक्षक होते. शास्त्रीय नाव सायॉर्निस टिकेलिए. इंग्रजी नावातील टिकेल म्हणजे सॅम्युएल टिकेल हे भारतात व ब्रह्मदेशात काम केलेले लष्करी अधिकारी व पक्षी अभ्यासक. मराठी पक्षीसूचींत या पक्ष्याची नावे वेगवेगळी आढळतात. येथे 'निळा माशीमार' हे सोपे नाव वापरले आहे. वायव्येकडील रखरखीत प्रदेश सोडल्यास भारताच्या मोठ्या भागात तो आढळतो. सह्याद्री, सातपुडा, पूर्व घाट, मध्य भारतातील पानझडी जंगले ही त्याची नेहमीची ठिकाणे. तो स्थलांतर करून येणारा पाहुणा नसून बारमाही रहिवासी आहे. आपल्या म्हणण्याच्या दृष्टीने ही गोष्ट महत्त्वाची आहे. त्याला बाराही महिने पोट भरता येईल अशी जागा लागते.

आकाराने तो चिमणीपेक्षा किंचित लहान असतो. नराची पाठ, पंख व शेपटी गडद निळी; कपाळ आणि भुवई उजळ, चमकदार निळी; डोळ्यापुढचा भाग काळसर. गळा व छाती नारिंगी, आणि त्याखाली पोट पांढरे. नारिंगी रंग जेथे संपतो तेथे पांढरा बऱ्यापैकी स्पष्टपणे सुरू होतो. मादीचा निळा रंग फिकट व राखाडी झाक असलेला, आणि छातीचा नारिंगीही मंद असतो. पिल्लू घरटे सोडते तेव्हा तपकिरी व ठिपकेदार असते. पंख आणि शेपटीतील निळाईवरून मात्र त्याचे कुळ ध्यानात येते.

रंगाइतकीच त्याची बैठकही लक्षात ठेवावी. तो सावलीतील आडव्या फांदीवर, बहुधा कमी उंचीवर, ताठ बसतो. मधूनच शेपटीला हलका झटका देतो. एखादा कीटक समोरून गेला की झेप घेऊन तो हवेतच टिपतो आणि पुन्हा फांदीवर येतो. कधी तो जमिनीवर उतरून सरपटणारा कीटकही उचलतो. संध्याकाळी इतर पक्षी शांत झाल्यावरही, सूर्यास्तानंतर काही काळ, त्याची शिकार चालू राहते. झुडपात तो दिसण्याआधी पुष्कळदा ऐकू येतो. त्याचे गाणे म्हणजे किणकिणणारी, धातूसारखी, थोड्याच स्वरांची चढती-उतरती लकेर. धोका जाणवला की 'टिक, टिक' असा कोरडा आवाज तो काढतो. एकदा ही लकेर कानात बसली की ओढ्याच्या वळणावर न थांबताही त्याची हजेरी नोंदविता येते.

गफलत कोठे होते

पाण्याकाठी बसलेला, वरून निळा व खालून नारिंगी पक्षी म्हटला की बहुतेकांना आधी खंड्या आठवतो. परंतु लहान खंड्याची चोच लांब व टोकदार, शेपटी आखूड, आणि पोटही नारिंगी असते. माशीमाराची चोच लहान, शेपटी लांब व पोट पांढरे असते. शिवाय खंड्याची नजर पाण्यावर असते, तर माशीमाराची हवेवर.

खरी कसोटी लागते ती जवळच्या भाऊबंदांशी तुलना करताना. निळ्या गळ्याचा माशीमार हिमालयात वीण करतो व हिवाळ्यात दक्षिणेकडे उतरतो. त्याच्याही छातीवर नारिंगी असतो. पण नराचा गळा निळा असतो, तर आपल्या पक्ष्याचा गळा नारिंगी. सह्याद्रीच्या दाट, सदाहरित पट्ट्यात पांढऱ्या पोटाचा निळा माशीमार राहतो. तो पश्चिम घाटाबाहेर आढळत नाही. त्याच्या नराची छातीही निळीच असते, त्यामुळे नर ओळखणे सोपे. मादीची छाती मात्र नारिंगी असते आणि तेथेच घोटाळा होतो. अशा वेळी पाठ पाहावी. त्या मादीची पाठ तपकिरी व शेपटी तांबूस असते. टिकेलच्या मादीच्या पाठीवर आणि शेपटीवर निळाई असते. ईशान्य भारतात याच वंशातील डोंगरी निळा माशीमार भेटतो. त्याच्या छातीचा नारिंगी रंग खाली हळूहळू विरत जातो, ठळक सीमा दिसत नाही. हिवाळ्यात दिसणारा व्हर्डिटर माशीमार तर अंगभर हिरवट-निळा असतो आणि सावलीऐवजी उघड्या, उंच फांदीवर बसणे पसंत करतो.

आणखी एक खुलासा आवश्यक आहे. 'माशीमार' हे नाव आपण सैलपणे वापरतो. मध्य प्रदेशाचा राज्यपक्षी असलेला दूधराज, म्हणजेच आपला स्वर्गीय नर्तक, आणि मानेवर काळा ठिपका असलेला निळा नीलपंखी राजा हे दोघेही हवेत कीटक टिपतात. परंतु वर्गीकरणात ते टिकेलच्या माशीमाराहून वेगळ्या कुळात मोडतात. धंदा एक, घराणे निराळे. म्हणूनच केवळ सवयीवरून जात ठरविणे धोक्याचे आहे.

हा तपशील शेतीच्या वार्तापत्रात कशासाठी, असे कोणी विचारील. याचे उत्तर आपल्याच व्यवसायात आहे. मावा, तुडतुडे, फुलकिडे आणि पांढरी माशी हे सारे 'रसशोषक किडी' आहेत, म्हणून आपण चौघांना एकच उपाय सांगत नाही. मित्रकीटकांच्या बाबतीतही ढालकिडा, क्रायसोपा आणि ट्रायकोग्रामा यांतील फरक शिकविल्याखेरीज प्रशिक्षण पूर्ण मानत नाही. पक्ष्यांच्या बाबतीत मात्र 'कीटकभक्षी' एवढ्यावर आपण थांबतो. जात कळली की तिची गरज कळते. आणि गरज कळल्यावरच काय राखावे व काय तोडावे हे ठरविता येते.

ओढा आणि माशीमार

निळा माशीमार उघड्या शेतात सहसा येत नाही. त्याला लागतो दाट फांद्यांखालचा अंधुक प्रकाश, खाली झुडपे, बांबूचे बेट आणि जवळ ओलावा. ओढ्याकाठी करंज, जांभूळ, उंबर, अर्जुन अशी झाडे आणि त्यांखाली निर्गुडी-अडुळशाचा झाडोरा असेल, तर ती जागा त्याच्यासाठी योग्य ठरते. झाडाची ढोली, खडकांतील खोबण किंवा दरडीतील पोकळी अशा ठिकाणी बारीक गवत व तंतू पसरून तो घरटे करतो. मादी ३ ते ५ अंडी घालते. विणीचा काळ साधारणतः एप्रिल ते ऑगस्ट असतो.

ओढ्याशी त्याचे नाते केवळ गारव्याचे नाही. पाण्यात वाढणाऱ्या अनेक कीटकांच्या अळ्या प्रौढ होताच पंख फुटून हवेत येतात. चिलटे, डास व इतर जलकीटकांचे हे थवे काठावरील पक्ष्यांचे अन्न बनतात. उलट दिशेने, काठच्या झाडांवरून पाण्यात पडणारे कीटक माशांच्या पोटी जातात. जपानच्या होक्काइदो बेटावरील होरोनाई ओढ्यावर झालेल्या व २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हा हिशेब मांडला गेला. काठच्या जंगलातील पक्ष्यांच्या वार्षिक ऊर्जेच्या गरजेपैकी सुमारे एक चतुर्थांश भाग पाण्यातून आलेल्या कीटकांनी भागविला, असे त्यात दिसून आले. आपले ओढे हंगामी आहेत आणि हवामानही निराळे आहे; त्यामुळे तो आकडा येथे जसाच्या तसा लावता येणार नाही. मात्र ओढा आणि काठ ही दोन खाती नसून एकच खाते आहे, हे सूत्र आपल्याकडेही लागू पडते.

आणि नेमके हेच खाते आपण दोन विभागांत तोडले आहे. नाल्याचे पाणी जलसंधारणाच्या आराखड्यात येते. काठावरील झाडोरा कोणाच्याच आराखड्यात येत नाही. खोलीकरण व रुंदीकरणाची कामे पावसाळ्यापूर्वी उरकायची म्हणून एप्रिल-मे महिन्यांत काढली जातात. यंत्र दोन्ही काठांवरून फिरते, दरड सरळ कापली जाते, गाळ काठावर पसरतो आणि झाडोरा त्याखाली जातो. निळ्या माशीमाराची वीण सुरू होण्याचा काळ हाच आहे. दरडीतली पोकळी, ढोलीचे झाड आणि सावली या तिन्ही गोष्टी एकाच आठवड्यात नाहीशा होतात. पाणीसाठा वाढला याची नोंद होते. काय गेले याची होत नाही.

लाभाचा प्रश्न आणि प्रामाणिक उत्तर

शेतकरी विचारतो, 'या पक्ष्याने माझे उत्पन्न किती वाढेल?' हा प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तरही सरळ दिले पाहिजे. पक्ष्यांना शेतीच्या जमाखर्चात बसविण्याचा प्रयत्न आपल्या देशात जुना आहे. चार्ल्स मेसन आणि हॅरोल्ड मॅक्सवेल-लेफ्रॉय यांनी बिहारमधील पुसा येथे पक्ष्यांच्या जठरातील अन्नाची तपासणी करून भारतीय पक्ष्यांच्या आहारावरील ग्रंथ १९१२ मध्ये प्रसिद्ध केला. उपकारक कोण व उपद्रवी कोण, हे ठरविण्याची दिशा त्यातून मिळाली. पुढे कृषी पक्षीशास्त्राचे काम त्याच पायावर वाढले. धान्य खाणारे आणि अळ्या टिपणारे पक्षी यांच्यासाठी ही विभागणी उपयुक्तच आहे.

निळ्या माशीमाराला मात्र त्या विभागणीत बसविण्याची घाई करू नये. तो उडते कीटक खातो हे खरे. पण ते कीटक पिकाचेच शत्रू असतील असे नाही. काही डास असतील, काही निरुपद्रवी चिलटे असतील, काही मित्रकीटकही असतील. कोस्टा रिकातील कॉफी मळ्यांत २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पक्ष्यांमुळे फळ पोखरणाऱ्या भुंगेऱ्याचा प्रादुर्भाव जवळपास निम्म्याने घटल्याचे आणि मळ्यालगतच्या रानामुळे हा लाभ वाढल्याचे आढळले. हा निष्कर्ष आश्वासक आहे, आणि कोडगू-चिकमगळूरच्या सावलीतील कॉफीसाठी विचारात घेण्याजोगा आहे. परंतु तो त्या पिकाचा, त्या किडीचा आणि तेथील पक्ष्यांचा निष्कर्ष आहे. त्याच्या आधारे 'माशीमार राखा, फवारणी वाचवा' असे आश्वासन देणे म्हणजे विस्तार सेवेची पत पणाला लावणे होय. एका हंगामात ते खोटे ठरले की शेतकरी केवळ पक्ष्यावरचाच नव्हे, तर सल्ल्यावरचाही विश्वास गमावतो.

मग राखावयाचे कशासाठी? ज्या पट्टीत हा पक्षी टिकतो, तिचे शेतीला मिळणारे लाभ वेगळे आणि सरळ आहेत. झाडांची मुळे दरड धरून ठेवतात. शेतातून वाहून येणारी माती काठच्या गवतात व झाडोऱ्यात अडते, त्यामुळे खोदलेला नाला लवकर गाळाने भरत नाही. सावलीमुळे पाण्याचे बाष्पीभवन कमी होते. करंज, बांबू, जांभूळ यांचे उत्पन्न मिळते, आणि मधमाश्यांना फुलोरा मिळतो. माशीमार हा त्या पट्टीच्या प्रकृतीचा निदर्शक आहे. तो बाराही महिने तेथे दिसत असेल व वीण करीत असेल, तर सावली, ओलावा, कीटक आणि पोकळ्या या चारही गोष्टी शिल्लक आहेत असे समजावे. माती परीक्षण अहवाल आपण जसा वाचतो, तशी ही हजेरी वाचता येते, आणि तिला शुल्कही पडत नाही.

आक्षेप आणि मर्यादा

काही जण म्हणतील की हा पक्षी संकटग्रस्त नाही. ते खरे आहे. जागतिक यादीत तो 'कमी चिंतेच्या' गटात आहे. परंतु शिवारातील बदल दाखविण्यासाठी दुर्मीळ पक्षी उपयोगी पडत नाही, कारण तो मुळातच दिसत नाही. जो आज गावोगावच्या ओढ्यांवर आढळू शकतो, त्याचे नाहीसे होणे वेळेवर कळते. भारतातील ९४२ जातींचा आढावा घेणाऱ्या २०२३ च्या राष्ट्रीय अहवालाने कीटकांवर जगणाऱ्या पक्ष्यांची घट फळे व मधुरस खाणाऱ्यांपेक्षा अधिक असल्याचे दाखविले आहे. अशा वेळी जो अद्याप टिकून आहे त्याची नोंद ठेवणे शहाणपणाचे.

दुसरा आक्षेप शेतकऱ्याचा आहे आणि तो अधिक वजनाचा आहे. काठच्या झाडांची सावली पिकाच्या कडेच्या ओळींवर पडते. दाट झाडोऱ्यात रानडुक्कर दडते. साप-विंचवाची भीती असते. दोन-अडीच एकरांच्या मालकाला दोन गुंठेही जड असतात. हे सारे खरे आहे, आणि शहरातल्या निसर्गप्रेमाच्या भाषेने ते पुसून टाकता येणार नाही. म्हणून ही मागणी संपूर्ण काठ राखण्याची नाही. जेथे रानडुकराचा उपद्रव मोठा आहे, तेथे सलग दाटी न ठेवता तुकड्यातुकड्यांनी बेटे ठेवावीत. सावलीची झळ कमी लागावी म्हणून, ओढ्याची दिशा पाहून, ज्या काठाची सावली पिकावर कमी काळ पडते तो काठ राखावा. कडेच्या ओळींत आले, हळद यांसारखे अर्धसावलीत तग धरणारे पीक घेता येईल का, हे स्थानिक अनुभवावरून ठरवावे. राखलेल्या काठाचा तोटा एकाच शेतकऱ्यावर पडत असेल, तर ग्रामपंचायतीने त्याला नाल्यातील गाळ किंवा बांबूच्या रोपांत अग्रक्रम द्यावा. भार एकाने सोसायचा आणि लाभ साऱ्यांनी घ्यायचा, अशी योजना टिकत नाही.

करण्याजोगे

पहिली गोष्ट, कामाची वेळ. ज्या नाल्यांना पाणी लवकर आटते, तेथील खोदकाम शक्य तेथे हिवाळ्याच्या अखेरीस, म्हणजे मार्चपूर्वी उरकावे. दुसरी, कामाची पद्धत. यंत्र एकाच काठावरून चालवावे, दुसरा काठ अस्पर्श ठेवावा. ढोली असलेली जुनी झाडे आधी रंगाची खूण करून वगळावीत. गाळ झाडोऱ्यावर न टाकता शेतात पसरावा. तिसरी, फवारणी. ओढ्यालगतच्या ओळींत वारा पाण्याच्या दिशेने वाहत असताना फवारू नये, आणि फवारणी पंप ओढ्यात धुऊ नये. चौथी, घाणेरीसारखे परके झुडूप काढताना एका दमात सारा काठ उघडा करू नये. टप्प्याटप्प्याने काढावे आणि रिकाम्या जागी स्थानिक झाडे-झुडपे लावावीत.

पाचवी गोष्ट नोंदीची. जैविक विविधता अधिनियम, २००२ नुसार गावोगावी जैवविविधता व्यवस्थापन समित्या व लोकजैवविविधता नोंदवह्या आहेत. अनेक ठिकाणी त्या एकदाच भरून कपाटात ठेवल्या गेल्या. शिवारफेरीच्या वेळी विस्तार कार्यकर्त्याने ओढ्याच्या ठराविक अर्ध्या किलोमीटरवर सकाळी किंवा संध्याकाळी संथ चालत जावे, पाहिलेले व ऐकलेले पक्षी तारखेनिशी लिहावेत आणि ती नोंद या वहीत जोडावी. वर्षातून चार वेळा, तेच ठिकाण, तीच वेळ. जात नक्की पटली नसेल तर 'निळा माशीमार, जात अनिश्चित' असे लिहावे. अंदाजाने नाव लिहिलेल्या नोंदीपेक्षा ही नोंद अधिक मोलाची. भ्रमणध्वनीवर ध्वनिमुद्रित आवाज वाजवून पक्ष्याला बोलावू नये, आणि घरट्याजवळ छायाचित्रासाठी थांबू नये. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ चे संरक्षण या पक्ष्याला आहे, हेही गावात सांगावे.

या कामात शेतकऱ्यांचे ज्ञान गृहीत धरले पाहिजे. ओढ्यावर म्हशी धुणाऱ्या मुलाने आणि काटक्या गोळा करणाऱ्या मावशींनी हा पक्षी पाहिलेला असतो. त्यांच्याकडे त्याचे स्थानिक नावही असू शकते. ते नाव नोंदवहीत आधी लिहावे, शास्त्रीय नाव नंतर.

पाणलोट विकासाचे सूत्र आपण 'माथा ते पायथा' असे सांगतो. माथ्यावर झाडे लावण्याचा आग्रह धरताना पायथ्याशी आपोआप उगवलेली, जुनी, मुळे धरून बसलेली झाडे आपण तोडत असू, तर ते सूत्र अर्धेच पाळले जाते. पुढील आराखड्याच्या वेळी नाल्याची लांबी, रुंदी, खोली व साठा या चार रकान्यांशेजारी 'राखलेला काठ, मीटर' असा पाचवा रकाना जोडावा, एवढीच ग्रामपंचायतींना व कृषी सहायकांना विनंती आहे. तो रकाना प्रामाणिकपणे भरला जातो आहे की नाही, हे पुढच्या एप्रिलमध्ये त्याच ओढ्यावर निळा माशीमार गातो की नाही यावरून कळेल.